नाकावरचा रुमाल

दुसऱ्याच्या ताटात काय आहे, यावरून त्या माणसाची परीक्षा करण्याचा अधिकार आपणांस आहे काय? प्रश्न जुना आहे. धर्मशास्त्र्यांपासून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांपर्यंत सर्वांनी आपापल्या परीने त्याचे उत्तर दिलेले आहे. परंतु काही प्रश्न असे असतात की, ते सुटले असे समजून आपण निर्धास्त होतो आणि एखाद्या अनोळखी रस्त्यावर, भर गर्दीत, ते पुन्हा समोर उभे राहतात. आमच्या बाबतीत तो रस्ता चीनमधील छांगशा शहरातला होता आणि निमित्त होते एका टपरीवरच्या तळणीचे.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेर आम्ही चीनचा पंधरा-सोळा दिवसांचा प्रवास केला. सोबत आमचे एक जुने स्नेही, निवृत्त शिक्षक, आणि त्यांचा भाचा. हा भाचा वूहान येथे वैद्यकीय शिक्षण घेत होता. तेथील भाषा त्यास बऱ्यापैकी अवगत झाली होती, म्हणून आमचा दुभाषी तोच. राजवाडे आणि भिंती सर्वच पाहतात, आपण गावोगावचे रस्त्यावरचे खाणे पाहू, ही कल्पना स्नेह्यांची. आपल्याकडे संध्याकाळी हातगाड्यांवर मिळणारे तांबडेलाल ‘चायनीज’ हेच ते खाणे, अशी आमची समजूत होती. भाच्याने पहिल्याच दिवशी ती दूर केली. मंचुरियन नावाचा पदार्थ मांचुरियात कोणास ठाऊक नाही, तो मुंबईचाच, हे ऐकून आम्हांस थोडे वाईटही वाटले.

‘चिनी खाणे’ असे एक काही नाहीच, हे मग दिवसेंदिवस कळत गेले. ग्वांगचौ येथे सकाळी तांदळाच्या पिठाचे वाफवलेले पातळ पापुद्रे, आत कोळंबी घालून गुंडाळलेले, वर किंचित सोया. तिखटाचा मागमूस नाही. आजाऱ्यास द्यावे इतके सौम्य. तेथून आगगाडीने अडीच-तीन तासांवर छांगशा, हूनान प्रांताची राजधानी, आणि तेथे पोहोचताच मिरचीच्या धुराने डोळ्यांत पाणी. आमचे कोल्हापूरचे आप्त क्षमा करोत, पण हूनानी माणूस तिखटाच्या बाबतीत त्यांस हार जाणार नाही.

छांगशामध्ये अग्निदेवतेच्या जुन्या मंदिरालगत पोझी नावाचा रस्ता आहे. मंदिराच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या खाण्याची दुकाने भरत आली आहेत. तेथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘छौ तौफू’, म्हणजेच वासाचा तोफू. सोयाबीनच्या दुधापासून पनीरासारख्या वड्या पाडतात. त्या काळ्या सोयाबीनचे आंबवण, अळंबी, बांबूचे कोंब इत्यादींच्या मुरलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवतात. वडी काळी होते. मग ती तेलात तळतात, तिच्या पोटात काडीने भोक पाडतात आणि त्यात तिखट रस्सा ओततात. हे सर्व वर्णन आज शांतपणे लिहिता येते. त्या संध्याकाळी मात्र शेजारच्या गल्लीत वळलो आणि जो वास आला, त्याने पाय जागीच थबकले. तुंबलेले गटार, कुजलेली कोबी आणि ओला गोठा एकत्र केल्यास जे होईल, ते. खिशातला रुमाल केव्हा बाहेर आला आणि नाकावर केव्हा गेला, हे आमचे आम्हांस कळले नाही.

टपरीवर पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई तळत होती. मागे प्लॅस्टिकच्या तिवईवर वही ठेवून आठ-दहा वर्षांची एक मुलगी शाळेचा अभ्यास करीत होती. बाईने आमच्याकडे पाहिले, झारा तसाच हातात धरून काही विचारले आणि हसली. भाचा गप्प राहिला. आम्ही पुन्हा विचारल्यावर म्हणाला, “त्या विचारतात, पाहुण्यांना सर्दी झाली आहे का?”

तो भाबडा प्रश्न होता की टोमणा, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. चिनी भाषेतला टोमणा ओळखण्याइतके आमचे कान तयार नव्हते. आम्ही “हो, सर्दीच” असे सांगावयास सांगितले. भाच्याने सांगितले. बाईने मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाची वाटी भरली. परंतु त्या मुलीने वहीतून डोके वर काढले होते. तिने रुमालाकडे पाहिले आणि नंतर आपल्या आईच्या तोंडाकडे. बस, एवढेच घडले.

एवढ्याशा गोष्टीचे काय, असे वाचक म्हणतील. आम्हीही रात्री हॉटेलात अंथरुणावर पडून स्वतःस तेच सांगत होतो. परंतु झोप येईना, कारण ती मुलगी आमच्या ओळखीची होती.

आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावरील एका गावात गेले. पाचवीनंतर शहरातल्या शाळेत नाव घातले. डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुधा सुकटाची चटणी असे. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा तर सुके बोंबील, सोडे, जवळा यांवरच घर चाले. मे महिन्यात वाळवून, डब्यांत भरून ठेवलेली ती आमची पुंजी. आईच्या हातची ती चटणी आम्हांस जगातील सर्वोत्तम गोष्ट वाटे, आणि आजही वाटते. एके दिवशी मधल्या सुटीत डबा उघडताच पुढच्या बाकावरच्या मुलाने नाक दाबले. त्याचे पाहून दुसऱ्याने, मग साऱ्या रांगेने. कोणी शिवी दिली नाही की ढकलले नाही. नुसती नाके दाबली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शाळेमागच्या चिंचेखाली एकटेच बसून जेवू लागलो, आणि आठवड्याभराने आईस सांगितले की, सुकट देऊ नकोस. “का रे, आवडत नाही आताशा?” तिने विचारले. “पोटात दुखतं,” आम्ही म्हणालो. तेथे पोटदुखी, येथे सर्दी. खोटे बोलण्यास शरीर नेहमीच उपयोगी पडते.

म्हणजे रुमाल कसा दिसतो, हे पलीकडच्या बाजूने पाहिलेल्या माणसाने तो नाकास लावला होता. आम्हांस ही गोष्ट सर्वांत अधिक लागली. आपण ज्या अपमानातून गेलो, तो दुसऱ्याचा करताना आपला हात आपोआप आखडेल, असा आमचा भरवसा होता. दुःख माणसास शहाणे करते म्हणतात. करते, पण त्याच विषयापुरते. सुकटाबाबत आम्ही शहाणे झालो होतो, सोयाबीनबाबत नव्हतो.

सकाळी हे सारे स्नेह्यांपुढे मांडले. त्यांनी शिक्षकी पद्धतीने आमची बाजू घेतली. नाकाला नीती नसते, ते म्हणाले. किळस ही शरीराची राखणदार आहे. कुजक्या अन्नापासून, विषापासून तिने मानवजातीस वाचवले. ती आली म्हणून कोणी अपराधी ठरत नाही. शिवाय ती बाई व्यापारी आहे, तुम्ही तिचे पाहुणे नाही, गिऱ्हाईकही नाही. न आवडणारा माल न घेणे यात अपमान कसला? उलट केवळ भिडेखातर खाल्ले असते तर तेच ढोंग झाले असते.

यातील बरेचसे आम्हांस मान्य आहे. किळस येणे व न येणे आपल्या हाती नाही. लहानपणी जिभेला जे वळण लागते ते मोठेपणी सहजी सुटत नाही, आणि त्यासाठी कोणाची माफी मागण्याचे कारणही नाही. परंतु स्नेह्यांच्या युक्तिवादात एक फट राहिली होती. किळस नाकात उत्पन्न होते. रुमाल मात्र हाताने काढावा लागतो. श्वास रोखून, मान न वळवता दहा पावले पुढे जाता आले असते, आणि त्या मुलीला काही कळले नसते. आमच्या शरीराने जे केले त्यास आम्ही जबाबदार नव्हतो. त्याची जी जाहिरात केली, तिला होतो. शाळेतल्या त्या मुलांनाही वास खरोखरच असह्य झाला असेल. आज आम्ही ते मान्य करतो. त्यांनी एकमेकांकडे पाहून नाके दाबली, तो भाग वेगळा.

याच्या उलट टोकाचेही एक पाप आहे, आणि प्रवासी लोक त्यास धाडस म्हणतात. बीजिंगमध्ये तुंगह्वामन नावाचा रात्रीचा बाजार होता. १९८४ साली सुरू झाला, २०१६ च्या जूनमध्ये बंद केला गेला. तेथे काडीला टोचलेले विंचू, तारामासे आणि नाना किडे तळून मिळत. पुष्कळ प्रवाशांची ‘चीनमध्ये लोक काय काय खातात’ ही कल्पना त्या एका रस्त्यावर घडली. बीजिंगच्या माणसाचा घरचा घास तो नव्हेच. तो बाहेरून येणाऱ्यांसाठी मांडलेला होता, म्हणजे पाहुण्याने तोंड वेंगाडून छायाचित्र काढून घ्यावे आणि गावी जाऊन दाखवावे. विंचू खाणारा तो प्रवासी आणि रुमाल लावणारे आम्ही, दोघांचे लक्ष स्वतःकडेच. समोर कोणी एक माणूस आपल्या रोजच्या पोटासाठी उभा आहे, हे दोघांनाही दिसत नाही.

चंगतू शहरात स्नेह्यांनी आपला सिद्धांत आचरून दाखवला, हे सांगितले पाहिजे. सिचुआन प्रांताचे ते मोठे शहर. तेथे रात्री मसालेदार सशाची मुंडकी चघळत मंडळी गप्पा मारीत बसतात. शेजारच्या टेबलावरील एका गृहस्थाने एक मुंडके मोठ्या अगत्याने स्नेह्यांपुढे धरले. स्नेह्यांनी दोन्ही हात जोडले, पोटावर हात ठेवला, मान हलवली आणि हसले. गृहस्थही हसला व ते मुंडके स्वतःच खाऊ लागला. पुढे अर्धा तास दोघे एकमेकांस न समजणाऱ्या भाषांत बोलत होते. (ज्या मिरचीसाठी सिचुआन ओळखला जातो ती मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीज जहाजांतून आली, चीनमध्येही सोळाव्या शतकाअखेरीस तिची पहिली नोंद सापडते. परकी वस्तू किती लवकर ‘आपली परंपरा’ होते, याचा हा नमुना.)

चंगतूहून शिआनला २०१७ च्या डिसेंबरपासून वेगवान गाडी जाते. चार तासांत डोंगर ओलांडून आपण भातातून गव्हात येतो. शिआन म्हणजे थांग राजांची प्राचीन राजधानी. १३८० साली बांधलेल्या नगारखान्याच्या मागे हुई मुसलमानांची वस्ती आहे. रेशीममार्गाने आलेल्या अरब व इराणी व्यापाऱ्यांशी, सैनिकांशी आपले मूळ जोडणारी ही मंडळी बोलतात चिनीच. त्यांची मोठी मशीद परंपरेने ७४२ सालची मानली जाते. मशीद दिसण्यातही चिनी देवळासारखी, उतरत्या कौलांची. तेथला पदार्थ ‘यांगरौ फाओमो’, मटणाच्या रश्श्यात भिजवलेली रोटी.

त्याची रीत मोठी मजेची आहे. गिऱ्हाइकापुढे रिकामा कटोरा आणि घट्ट, जाड रोट्या ठेवतात. त्या गिऱ्हाइकाने आपल्या हाताने कुस्करायच्या. मग क्रमांकाचा बिल्ला लावून कटोरा आत जातो, स्वयंपाकी त्यावर रस्सा, मटण व पारदर्शक शेवया घालून शिजवतो आणि तोच कटोरा परत येतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण. आम्ही भुकेलेलो, म्हणून दोन मिनिटांत रोटीचे मोठमोठे तुकडे करून मोकळे झालो. समोर बसलेल्या एका वृद्धाने आमच्या कटोऱ्यात डोकावून जीभ चुकचुकवली. मग स्वतःच्या बोटांनी एक तुकडा उचलून तो सोयाबीनच्या दाण्याएवढा बारीक करून दाखवला, पुन्हा एक, पुन्हा एक. मोठ्या तुकड्याच्या पोटात रस्सा शिरत नाही, असे भाच्याने समजावले. आम्ही तिघे अर्धा तास मान खाली घालून रोटी खुडत बसलो. परक्याने आमच्या कटोऱ्यात हात घातला, याची किळस आली नाही. का आली नाही, हे विचार करण्याजोगे आहे.

निघताना स्नेह्यांनी मालकास एक आगाऊ प्रश्न विचारला. बाहेरच्या रस्त्यांवर सगळीकडे डुकराचे मांस भरलेल्या रोट्या विकतात, वास येथपर्यंत येत असेल, तुम्हांस त्रास होत नाही का? भाच्याने प्रश्न पुष्कळ सौम्य करून सांगितला असावा. मालक म्हणाला, “ते त्यांचे खातात, आम्ही आमचे. दुपारी भूक लागली की तेच लोक येथे येतात.” आणि तो पुढच्या कटोऱ्याकडे वळला.

या माणसाच्या घराण्याने शेजाऱ्याचे मुख्य मांस पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घातलेले नाही. नकार याहून ठाम कोणता असेल? आणि तरी त्याच शेजाऱ्यास ते रोज जेवू घालीत आले आहेत. नकार आणि तुच्छता या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र बांधतो. येथे त्या सुट्या करून ठेवलेल्या होत्या. यापो येथे पेत्राला झालेला चादरीचा दृष्टांत आमच्या वाचकांस पाठ आहे. तो ऐकताना आजवर आमचे लक्ष चादरीवरच्या प्राण्यांकडे असे. शिआनला प्रथमच ध्यानात आले की, त्या प्रसंगी खाली दारात माणसे उभी होती.

परंतु एकत्र जेवले की मने जुळतात, असा सोपा निष्कर्ष काढण्याची सोय बीजिंगने ठेवली नाही. तेथे हुई लोकांचे एक नूडल्सचे दुकान होते. रस्सा स्वच्छ, मुळ्याच्या चकत्या, वर कोथिंबीर. गिऱ्हाइकांची रांग लागलेली. दुकानाच्या पाटीवर एका कोपऱ्यात कागद चिकटवलेला दिसला. त्या वर्षी बीजिंगमधील हलाल दुकानांच्या पाट्यांवरील अरबी अक्षरे झाकण्याचे वा काढण्याचे आदेश निघाले होते. वर्तमानपत्रांतून ते जगभर छापूनही आले होते. रांगेतील लोक त्या कागदाखालून आत जात होते आणि वाटी संपवून तृप्त चेहऱ्याने बाहेर येत होते. आम्हीही त्यांतलेच. चवीत काही उणे नव्हते. माणसाचा रस्सा आवडतो आणि त्याची अक्षरे चालत नाहीत, असेही होते तर.

आम्ही परतलो आणि दोन महिन्यांत वूहानचे नाव सर्वतोमुखी झाले. १ जानेवारी २०२० रोजी तेथील ह्वानान बाजार बंद करण्यात आला. फेब्रुवारीच्या आरंभी भारत सरकारने दोन विमानांतून सहाशेहून अधिक लोकांना वूहानहून आणले. त्यांत भाचाही होता. रोग कोठून उद्भवला हा शास्त्राचा प्रश्न, आणि वन्य प्राण्यांचा व्यापार थांबावा हे रास्तच. चीनने त्याच फेब्रुवारीत वन्य प्राणी खाण्यावर बंदी घातली. परंतु लोकांनी शास्त्राची वाट पाहिली नाही. वटवाघळाचे सूप पिणाऱ्या एका तरुणीची चित्रफीत घरोघरी फिरली. ती २०१६ साली पलाऊ बेटांवर घेतलेली होती, चीनमध्ये नव्हेच. आमच्या धर्मग्रामातील भल्या माणसांनीही ती आम्हांस पाठवली, “तुम्ही हेच खाऊन आलात काय?” अशा विनोदासह.

आणि मग त्या विनोदाला पाय फुटले. ईशान्य भारतातील तरुण-तरुणींना आपल्याच देशातील शहरांत ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. मार्चमध्ये दिल्लीत एका मणिपुरी तरुणीवर एक इसम थुंकला. हे काही त्या एका वर्षाचे वेड नव्हते. २००७ सालीच दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत, बांबूचे कोंब, अखुनी असे वास येणारे पदार्थ शेजाऱ्यांस उपद्रव न होईल अशा रीतीने करावेत, असा उपदेश केलेला होता. अखुनी म्हणजे नागा लोकांचे आंबवलेले सोयाबीन. छांगशाच्या त्या काळ्या वडीचे ते नात्यातलेच. ती बातमी वाचताना आमच्या डोळ्यांसमोर थुंकणारा इसम आला नाही. इस्त्री केलेला, चौकोनी घडीचा एक पांढरा रुमाल आला.

आम्ही आता वसईतच एका इमारतीत राहतो. मुंबईच्या काही सोसायट्यांत मासे खाणाऱ्यांस घर मिळत नाही, तशी स्थिती येथे नाही. तरी बोंबील भाजायचे असले की आम्ही खिडकी लावून घेतो. गेल्या पावसाळ्यात समोरच्या बिऱ्हाडात एक शाकाहारी कुटुंब आले. एका दुपारी दार उघडे राहिले होते आणि विस्तवावर बोंबील होते. त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. “काका, कसला वास येतोय?”

“सुक्या बोंबलांचा,” आम्ही म्हणालो.

“बघू?”

आम्ही चिमट्याने एक उचलून दाखवला. त्याने जवळ येऊन, हात पाठीमागे बांधून, तो नीट निरखला. मग म्हणाला, “आम्ही नाही खात,” आणि बॉल शोधावयास आमच्या पलंगाखाली शिरला.